कोणस्थ

मागच्या दिवाळीत, म्हणजे २०२५ च्या, धनत्रयोदशी शनिवारी आली होती, १८ ऑक्टोबरला. पूजा झाली, दक्षिणेकडे तोंड करून यमाचा दिवा ठेवून झाला, आणि मी हात पुसतो न पुसतो तोच मुलगा म्हणाला, बाबा चल वर, शनी आलाय. बारा वर्षांचा आहे तो. उन्हाळ्यात त्याला एक सेकंडहॅन्ड टेलिस्कोप घेऊन दिला, पाच इंची, आणि तेव्हापासून घरातलं सगळं टाइमटेबल आकाशावर चालतं. अमावास्या जवळ आलेली त्यामुळे गच्चीवर छान अंधार होता, फटाक्यांचा धूर अजून चढायचा होता. त्याने नळी फिरवली, फोकस केलं आणि बाजूला झाला. मी डोळा लावला.

त्या वर्षी शनीची कडी आपल्याला जवळजवळ धारेवरून दिसत होती. त्यामुळे पुस्तकात असतं तसं रुंद कडं नव्हतंच, एक पिवळसर बारीक गोळी आणि तिच्या आरपार सुई खुपसावी तशी एक रेघ. त्या रेघेच्याच ओळीत, पण चांगला लांब, एक ठिपका. "तो टायटन, शनीचा चंद्र," मुलगा म्हणाला. आणि मग लगेच, मी अजून डोळा काढलाही नव्हता, "बाबा, क्रोनोसची पॉवर काय होती?"

त्याच्या मोबाईलवर एक लिस्ट होती. बारा टायटन, म्हणजे ग्रीकांचे झ्यूसच्या आधीचे देव, प्रत्येकासमोर त्याची पॉवर. ओशनस पाणी, हायपेरिऑन प्रकाश, कोयोस बुद्धी, क्रायोस नक्षत्रं, क्रोनोस टाइम-कंट्रोल. गेममधल्या कार्डावर असतं तसं. मी त्याला म्हटलं खाली जाऊन सांगतो, आणि खरं सांगायचं तर ते "खाली जाऊन" अजून संपलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

कारण मला ह्या म्हाताऱ्या देवांबद्दल फार वर्षांपासून आत काहीतरी आहे. झ्यूस, अपोलो, अथीना ही मंडळी सगळ्यांना माहीत असतात, त्यांचे पुतळे आहेत, देवळं आहेत. त्यांच्या आधीची पिढी मात्र कुठेतरी मागच्या खोलीत, गोष्ट सुरू व्हायच्या आधीच हरलेली. त्यांच्याबद्दलचं जे जुनं सलग लिखाण आपल्याकडे उरलंय ते मुख्यतः हेसिओड नावाच्या एका कवीचं, इ.स.पू. ७०० च्या आसपासचं, 'थिओगनी' म्हणजे देवांची वंशावळ, हजार-एक ओळींचं काव्य. हा माणूस कुठल्या राजधानीतला नव्हता बरं का. ग्रीसमधल्या बिओशिया भागात, हेलिकॉन डोंगराच्या पायथ्याशी अस्क्रा नावाचं गाव, तिथला शेतकरी, मेंढ्या चारणारा. स्वतःच्या गावाबद्दल त्याने लिहून ठेवलंय की हिवाळ्यात वाईट, उन्हाळ्यात जिकिरीचं, चांगलं कधीच नाही. आणि त्याच्या दुसऱ्या काव्यात तो सख्ख्या भावाशी, पर्सीसशी, वडिलांच्या जमिनीच्या वाटणीवरून भांडतोय, भावाने लाच खाणाऱ्या पंचांना हाताशी धरून जास्तीचं घेतलं म्हणून. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पुस्तक मांडीवर ठेवून बराच वेळ नुसता बसलो होतो. बापलेकांच्या भांडणाची जगातली सगळ्यात मोठी गोष्ट सांगणारा माणूस वाटणीच्या भांडणातून आलेला होता. आमच्याच घरातला वाटला.

तर त्याच्या वंशावळीत आधी असतो खाओस, म्हणजे गोंधळ नाही, आ वासलेली पोकळी. मग गाया, म्हणजे धरणी. ती एकटीच आभाळाला जन्म देते, युरेनसला, आणि मग त्याच्याशीच तिचा संसार. त्यांची बारा मुलं म्हणजे टायटन. सहा मुलगे, सहा मुली: ओशनस, कोयोस, क्रायोस, हायपेरिऑन, आयपेटस, क्रोनोस, आणि थिया, रिया, थेमिस, नेमोसिनी, फीबी, टेथिस. त्यानंतर तीन एकडोळे सायक्लोप्स, आणि तिघं शंभर हातांचे, पन्नास डोक्यांचे. युरेनसला ही मुलं बघवेनात. जन्माला येतील तशी तो ती परत गायाच्याच पोटात कोंबायचा, उजेडात येऊ द्यायचा नाही. धरणी आतून कण्हत राहिली, असं हेसिओड लिहितो. शेवटी तिने करड्या कणखर धातूचा एक मोठा विळा केला आणि मुलांना विचारलं, कोण करणार हे? सगळे भीतीने गप्प. सगळ्यात धाकटा म्हणाला, मी करतो.

आता पॉवरचं बोलू. हेसिओड कोयोसला बुद्धी देत नाही आणि क्रायोसला नक्षत्रंही देत नाही. तो कोयोसला फक्त एक बायको देतो, फीबी, आणि दोन मुली, लेटो आणि अस्टेरिआ. बाकी नेटवर जे सापडतं ते बरंचसं नावांच्या अर्थावरून नंतरच्या लोकांनी बांधलेले अंदाज आहेत. आणि क्रोनोस म्हणजे काळाचा देव हे तर मराठीतसुद्धा इतक्या ठिकाणी छापलंय की मुलाला समजावताना मला कागद घ्यावा लागला. काळाचा ग्रीक शब्द 'ख्रोनोस', आणि देवाचं नाव 'क्रोनोस'. पहिलं अक्षरच वेगळं, ख आणि क. आपल्याला हा फरक कळायला काय अडचण आहे, इंग्रजीत बिचाऱ्यांना जवळजवळ सारखंच ऐकू येतं. हां, घोळ जुना आहे, सिसेरो आणि प्लुटार्कच्या काळातसुद्धा, म्हणजे दोन हजारएक वर्षांपूर्वी, लोक दोन्ही एकच धरायचे, कारण स्वतःची पोरं गिळणारा बाप म्हणजे दिवस गिळणारा काळ ही कल्पना कुणालाही पटकन आवडते. पण मुळात हे दोन वेगळे शब्द.

मग क्रोनोसकडे होतं काय? वीज नाही, त्रिशूळ नाही. त्याच्याकडे आईने दिलेला विळा होता, आणि आईने दाखवलेली एक जागा होती लपायला. तो तिथे बसून राहिला. रात्र घेऊन युरेनस खाली आला, धरणीवर पसरला, आणि मग त्याने डावा हात पुढे केला, उजव्या हातातला विळा चालवला. बस. आभाळ धरणीपासून वेगळं झालं ते कायमचं. मला विचाराल तर त्याची पॉवर ती, दबा धरून थांबण्याची, आणि थांबण्यासारखी ताकद दुसरी नाही हे मी माझ्या घरात बघितलंय.

आमचं गाव नेवासा तालुक्यात, शनी शिंगणापूरपासून दोन-अडीच कोसांवर. माझे आजोबा, अण्णा, सहा एकर शेती करायचे आणि गावाच्या पत्रिका मांडायचे, पैसे न घेता. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादांना अर्धा एकर विकून नगरला दुकान टाकायचं होतं, अण्णांनी सही केली नाही. भांडण असं काही झालंच नाही, आरडाओरडा नाही, अण्णा नुसते म्हणाले, माझ्या हयातीत नाही. १९८८ साली दादा मला, आईला आणि दोन ट्रंका घेऊन नगरला निघून आले, मी सात वर्षांचा होतो. पुढची नऊ वर्षं बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. सुट्टीत मला एकट्याला एसटीत बसवून गावाला पाठवायचे. निघताना आई डबा द्यायची, येताना आजी द्यायची, दोन्ही डब्यांत कधी कुणाचा निरोप नसायचा. अण्णा वाट बघायचे की हा परत येईल, दादा वाट बघायचे की ते बोलावतील. दोघंही त्यात तरबेज होते.

हेसिओडमध्ये तीन पिढ्या आहेत आणि तिन्ही पिढ्यांतले बाप एकच काम करतात, पद्धत तेवढी बदलते. युरेनस मुलांना बाहेरच येऊ देत नाही. क्रोनोस येऊ देतो आणि मग गिळतो, हेस्टिया, डिमीटर, हिरा, हेडिस, पोसायडन, एकामागून एक, कारण त्याला आईबापांनी सांगितलेलं असतं की तुझाच मुलगा तुला खाली ओढणार. आणि झ्यूस, जो आपला हिरो, त्याला जेव्हा कळतं की आपल्या पहिल्या बायकोला, मेटिसला, होणारा मुलगा आपल्याला भारी पडेल, तेव्हा तो मेटिसलाच गिळतो, पोटुशी असताना. म्हणजे पोरापर्यंत वेळच येऊ द्यायची नाही. ह्यातलं तिसरं फार कुणी सांगत नाही. झ्यूसने जुना अन्याय संपवला असं शाळेत वाचतो आपण, आणि वंशावळीत लिहिलंय की तो बापापेक्षा हुशारीने तेच करत होता.

मलाही हे लागू आहे, लिहायला जड जातंय पण लिहितो. मुलाला मे महिन्यात एका आकाशनिरीक्षण शिबिराला जायचं होतं, चार रात्री, बाहेरगावी. मी नाही म्हटलं. कारण विचारल्यावर जे तोंडातून निघालं ते अण्णांचंच वाक्य होतं, थोडं बदलून. मग टेलिस्कोप घेऊन दिला, तो त्याची भरपाई म्हणून. तेव्हा मला स्वतःलासुद्धा ते लक्षात आलं नव्हतं.

ही गोष्ट फक्त ग्रीकांची आहे असंही नाही. तुर्कस्तानात बोआझकोय इथे हित्ती लोकांची राजधानी हत्तुसा खणून काढली, तिथे मातीच्या विटांवर कोरलेली हजारो पानं मिळाली, त्यात कुमार्बी नावाच्या देवाची कथा आहे. हेसिओडच्या कितीतरी शतकं आधीची. तिथे अनू हा आभाळाचा देव, कुमार्बी त्याला पायाला धरून खाली खेचतो, दाताने त्याचं पुरुषत्व तोडतो, ते पोटात जातं, आणि त्यातून वादळाचा देव वाढतो जो पुढे कुमार्बीलाच हरवतो. आभाळ, मग गिळणारा, मग वादळ. क्रम तोच. इतकंच काय, हित्तींच्या आणखी एका कथेत आभाळ आणि धरती ज्याने कापून वेगळी केली ते जुनं तांब्याचं हत्यारही आहे. म्हणजे हेसिओडच्या शेतातला विळा पूर्वेकडून चालत आलेला होता. हेसिओडचे वडील समुद्रापलीकडून, आताच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या किमी गावातून, गरिबीला कंटाळून बोटीने ग्रीसला आले होते हे तो स्वतः सांगतो, त्यामुळे मला उगाच वाटत राहतं की ही गोष्ट त्यांनीच पोराला रात्री सांगितली असेल.

आता दगड. ह्या सगळ्या कथेतली मला सगळ्यात जवळची वस्तू. सहाव्या बाळंतपणाला रिया, क्रोनोसची बहीण आणि बायकोही, क्रीट बेटावर गेली, बाळ तिथे लपवलं, आणि क्रोनोसच्या हातात बाळाच्या दुपट्यात गुंडाळलेला एक दगड दिला. त्याने बघितलंही नाही, गिळून टाकला. पुढे झ्यूस मोठा झाल्यावर त्याला सगळं ओकावं लागलं, आणि शेवटचं गिळलेलं ते आधी बाहेर, म्हणून दगड पहिला आला. झ्यूसने तो पार्नासस डोंगराखाली डेल्फीला नेऊन रोवला. इथवर हेसिओड. पण त्यानंतर जवळजवळ नऊशे वर्षांनी, इ.स. दुसऱ्या शतकात, पॉसेनिअस नावाचा प्रवासी डेल्फीला गेला आणि त्याने लिहून ठेवलं की तो दगड तिथे आहे, फार मोठा नाही, त्यावर रोज तेल ओततात, आणि सणाच्या दिवशी न कातलेली लोकर ठेवतात.

रोज तेल. मी हे वाचलं तेव्हा मला दर शनिवारचे अण्णा दिसले. पहाटे विहिरीवर अंघोळ, ओल्या पंच्यानिशी, पितळेची छोटी बुटली, तिच्या गळ्याला सुतळी बांधलेली, आणि सायकलवर शिंगणापूरला. तिथे तुम्ही गेला असाल तर माहितीच आहे, देऊळ नाही, छप्पर नाही, उघड्या आभाळाखाली चौथऱ्यावर उभी काळी शिळा. मी मागच्या कॅरियरवर. मला आठवतं ते तेलाचं खाली येणं, आधी वरून जाड धार, मग दगडाच्या अंगावर पातळ होत होत पसरायचं, ऊन पडलं की काळ्यावर एक निळसर झाक यायची, आणि चौथऱ्याशी मातीत मिसळलेल्या तेलाचा तो वास जो दिवसभर बोटांना राहायचा. अण्णा पुटपुटत असायचे, "कोणस्थः पिङ्गलो बभ्रुः", शनीची दहा नावं. मला तेव्हा पहिला शब्द "कोण" असाच ऐकू यायचा आणि वाटायचं देवाला विचारतायत, कोण आहेस तू.

ह्यापुढचं मला फार उशिरा कळलं, अण्णा २००३ ला गेले त्यानंतर. त्यांची पत्रिकांची वही माझ्याकडे आली, लाल कापडी बांधणीची. त्यात घरांचे प्रकार लिहिलेले, केंद्र, पणफर, आपोक्लिम. आपोक्लिम हा शब्द ना संस्कृत वाटतो ना मराठी, म्हणून शोधायला गेलो, तर तो सरळ ग्रीक निघाला. पणफर ग्रीक, केंद्र ग्रीक, होरासुद्धा ग्रीक. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत यवनांकडून, म्हणजे ग्रीकांकडून, ग्रहांचं ज्योतिष इकडे आलं, सात ग्रहांचे सात वार त्याच सुमाराचे. सहाव्या शतकातला वराहमिहिर बृहत्संहितेत म्हणतो की यवन म्लेच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्यात नीट रुजलंय म्हणून तेही ऋषींसारखे पूजले जातात. किती मोकळेपणाने सांगितलंय. आणि त्याच्याच बृहज्जातकात ग्रहांची पर्यायी नावं आहेत, त्यात सूर्याला 'हेलि', म्हणजे हेलिओस, मंगळाला 'आर', म्हणजे अरीस, शुक्राला 'आस्फुजित्', म्हणजे अफ्रोडायटी. आणि शनीला 'कोण'. अभ्यासक हा कोण क्रोनोसवरून आला असं मानतात.

म्हणजे माझे आजोबा, ज्यांनी ग्रीस नकाशावरही पाहिला नसेल, ज्या ग्रहाच्या नावाने तेल वाहायला सायकल मारत होते, त्या ग्रहाला ग्रीक लोक 'क्रोनोसचा तारा' म्हणायचे. शनीची आपली कथा आपली आहे, छायेचा मुलगा, सूर्याशी न पटलेला, ती ग्रीकांची उसनी नाही. पण तिथेही बापाने मुलाला आपलं मानलं नाही हे आहेच.

आणि हा ग्रह म्हाताऱ्या देवाला का मिळाला हेही वहीतच आहे, गणितात. डोळ्यांनी दिसणाऱ्या ग्रहांत हा सगळ्यात लांबचा आणि सगळ्यात सावकाश. सूर्याभोवती एका फेरीला साडेएकोणतीस वर्षं. बारा राशींत वाटली की एका राशीत साधारण अडीच वर्षं, आणि आपली रास, तिच्या मागची आणि पुढची अशा तीन राशी म्हणजे साडेसात. साडेसाती ती हीच. माझी मेष, मला २०२५ च्या मार्चपासून लागलीय, दादांनी लगेच फोन करून सांगितलं होतं. पुढे १७८१ साली विल्यम हर्शेलला शनीच्याही पलीकडचा ग्रह सापडला तेव्हा नाव काय द्यायचं यावर बरीच चर्चा झाली, आणि बोडे नावाच्या जर्मन ज्योतिर्विदाने सुचवलं की गुरू म्हणजे झ्यूस, त्याच्या पलीकडे त्याचा बाप शनी, तर त्याच्या पलीकडे आजोबा हवेत, युरेनस. आपल्या पंचांगात मात्र शोधणाऱ्याचंच नाव राहिलं, हर्षल. आजही आकाशात ते त्याच ओळीने बसलेत, आत नातू, मग बाप, मग आजोबा, आणि जितका जुना तितका लांब आणि तितका सावकाश.

शनीच्या चंद्रांना नावं दिली ती विल्यमच्या मुलाने, जॉन हर्शेलने, १८४७ मध्ये. ह्युजेन्सला १६५५ साली सापडलेला सगळ्यात मोठा तो टायटन, बाकीच्यांपैकी काहींना क्रोनोसच्या बहिणीभावांची नावं, रिया, टेथिस, आयपेटस. पुढे हायपेरिऑन आणि फीबीही त्यात आले. मला हे फार बरं वाटतं. सगळ्यांनी वाळीत टाकलेल्या म्हाताऱ्याभोवती कुणीतरी त्याचं घर परत बसवून दिलं.

युद्धाचं मी थोडक्यातच सांगतो, कारण मुलाला त्यातच सगळ्यात जास्त इंटरेस्ट आणि मला सगळ्यात कमी. ऑथ्रिस डोंगरावर टायटन, ऑलिम्पसवर झ्यूसची बाजू, दहा वर्षं निकाल लागेना, मग झ्यूसने त्या शंभरहात्यांना कैदेतून सोडवून आणलं आणि त्यांनी एका वेळी तीनशे धोंडे फेकले. टायटन हरले, टार्टारसमध्ये, म्हणजे खोल पाताळात, बंद झाले. किती खोल? पितळी ऐरण आभाळातून सोडली तर नऊ दिवस नऊ रात्री पडत राहून दहाव्या दिवशी जमिनीवर येईल, आणि जमिनीपासून टार्टारसला पोहोचायला पुन्हा तितकेच. ह्या माणसाने लोहाराची ऐरण घेऊन विश्व मोजलंय.

पण मला जे सांगायचंय ते युद्धानंतरचं आहे. जिंकल्यावर झ्यूस काय करतो? मेटिसनंतर लग्न करतो ते थेमिसशी. थेमिस टायटन, त्याची आत्या. जे रीतीला धरून आहे, जे तसंच असायला हवं, ते म्हणजे थेमिस. तिच्यापासून त्याला नीती, न्याय आणि शांतता ह्या मुली होतात, युनोमिया, डिकी, आयरिनी, आणि नियतीसुद्धा. मग नेमोसिनीकडे जातो, ती म्हणजे आठवण. नऊ रात्री तिच्याबरोबर, आणि नऊ म्युझ जन्मतात, गाणं, काव्य, इतिहास सगळं ज्यांच्याकडे आहे त्या. म्हणजे वीज त्याची स्वतःची, तीही सायक्लोप्सनी दिलेली, पण राज्य चालवायला जे लागतं, कायदा आणि आठवण, ते त्याला म्हाताऱ्यांच्या घरूनच आणावं लागलं. डेल्फीचा कौलसुद्धा अपोलोचा म्हणून प्रसिद्ध, पण एस्किलसच्या इ.स.पू. ४५८ च्या नाटकाच्या सुरुवातीलाच पुजारीण क्रम सांगते: आधी धरणीचा, मग थेमिसचा, मग फीबीचा, आणि फीबीने नातवाला, अपोलोला, जन्माची भेट म्हणून दिला. हिसकावून घेतलेला नाही. एका आजीने दिलेला.

मुलाच्या लिस्टमध्ये थियासमोर "पॉवर: चमक" लिहिलं होतं. पिंडार हा जुना ग्रीक कवी तिच्याबद्दल म्हणतो की हे सूर्याच्या आई, तुझ्यामुळे माणसं सोन्याला एवढं मोठं मानतात. म्हणजे सोनं चमकतं ते ठीक, पण ते बघून आपला जीव त्याच्यात अडकतो ही थियाची करणी. धनत्रयोदशीच्या दिवशी मला हे आठवलं आणि ते मी त्याला सांगितलंही. तिची मुलगी सेलिनी, चंद्र, म्हणून शास्त्रज्ञांनी साधारण साडेचार अब्ज वर्षांपूर्वी पृथ्वीवर आदळलेल्या आणि ज्याच्या धडकेतून आपला चंद्र झाला असं मानतात त्या गोळ्याला थिया नाव दिलंय. हे त्याला भयंकर आवडलं.

नेमोसिनीबद्दल मात्र मी त्याला नीट सांगू शकलो नाही, इथे सांगतो. दक्षिण इटलीत, तेव्हाच्या हिप्पोनिऑन गावात, एका बाईच्या थडग्यात सोन्याचा एक पातळ पत्रा सापडला, इ.स.पू. ४०० च्या आसपासचा. बोटभर. घडी घातलेला. त्यावर बारीक अक्षरात मेलेल्या बाईसाठी सूचना आहेत: पाताळात गेल्यावर पांढऱ्या सुरूच्या झाडाशी एक झरा लागेल, त्याच्या जवळ जाऊ नकोस. पुढे जा, आठवणीच्या तळ्यातून गार पाणी येतंय, तिथे राखणदार असतील. त्यांना सांग, मी धरणीचं आणि तारकांनी भरलेल्या आभाळाचं लेकरू आहे, तहानेने माझा जीव जातोय, मला आठवणीच्या तळ्याचं पाणी द्या. जिने हा पत्रा बरोबर नेला तिला झ्यूसची वीज नको होती, कुणाची ताकद नको होती. मेल्यावर आपण कोण होतो तेवढं विसरायचं नव्हतं. आणि ओळख म्हणून तिने सांगितलं काय, तर टायटनांचं सांगावं तेच, आई धरणी, बाप आभाळ.

आमच्या घरातलं ते नऊ वर्षांचं मौन १९९७ ला सुटलं, धाकट्या आत्याच्या लग्नात. ग्रीक देव स्टिक्स नदीच्या पाण्यावर शपथ घेतात, ही स्टिक्स ओशनसच्या तीन हजार मुलींतली थोरली, आणि शपथ मोडणारा देव एक वर्ष निपचित पडतो आणि पुढची नऊ वर्षं त्याला देवांच्या बैठकीत आणि पंगतीत जागा नसते, दहाव्या वर्षी तो परत येतो. मी हे वाचलं तेव्हा बोटांवर मोजलं होतं. लग्नात अण्णा पंगतीत बसले होते, शेजारचा पाट रिकामा. दादा वाढत होते. कोशिंबीर, वरण, भात, रांगेने येत येत अण्णांपाशी आले, तूप वाढलं, आणि अण्णा मान वर न करता म्हणाले, "बस आता." एवढंच. दादांनी तुपाची वाटी माझ्या हातात दिली आणि बसले. पुढे सही झाली, अर्धा एकर गेला, पण दादांनी त्या पैशाने दुकान टाकलं नाही, गावातल्या विहिरीला मोटर बसवली.

जुन्या ग्रीकांनीही शेवटी क्रोनोसला सोडलं. पिंडार त्याला पुण्यवानांच्या बेटावर राजा करून बसवतो. अथेन्समध्ये उन्हाळ्यात त्याचा सण असायचा, क्रोनिया, त्या दिवशी मालक आणि गुलाम एका पंगतीला जेवायचे, कारण त्याच्या राज्यात सोन्यासारखी माणसं होती, जमीन न नांगरता पिकायची आणि कुणी कुणाचा गुलाम नव्हता असं मानायचे. आणि ऑलिम्पियाला, जिथे झ्यूसचं एवढं प्रचंड देऊळ, तिथे लगतच झाडीने भरलेली एक टेकडी आहे, तिला क्रोनोसची टेकडी म्हणतात. तिच्या माथ्यावर वसंतात, दिवसरात्र सारखे होतात तेव्हा, पुजारी क्रोनोसला नैवेद्य द्यायचे. खाली मुलाचं देऊळ, वर बापाची टेकडी.

त्या धनत्रयोदशीला आम्ही गच्चीवर असतानाच जिन्यात दादांची काठी वाजली. चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात, वर कधी येत नाहीत. शनिवार म्हणून मारुतीला जाऊन आले होते, हाताला तेलाचा वास होता. नातवाने स्टूल ओढून दिलं. "आजोबा, एकच डोळा, दुसरा मिटा. नळीला हात नको लावू." दादा वाकले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मी म्हटलं, दिसतंय का दादा, सुईसारखी रेघ? त्यांनी हाताने मला गप्प केलं आणि मग मला ते ऐकू आलं, अगदी खालच्या आवाजात, अण्णांच्याच चालीत, कोणस्थः पिङ्गलो बभ्रुः. पृथ्वी फिरते त्यामुळे टेलिस्कोपमधला ग्रह कडेकडेला सरकत जातो, थोड्या वेळात दिसेनासा होतो. मुलाला हे माहीत होतं, तो बाजूला बारीक चाक धरून उभा होता, फिरवू का म्हणून माझ्याकडे बघत होता. मी मानेनेच थांब म्हटलं. दहाही नावं पूर्ण झाल्यावर दादांनी डोळा वर केला.

"गेला रे तो," ते म्हणाले.

"आणतो परत," मुलगा म्हणाला आणि चाक फिरवू लागला.